मधुमेहाच्या आकलनाचा इतिहास आणि पुसद परिसर : ‘श्रीमंतांचा रोग’ या समजुतीची चिकित्सा

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुका हा पूस नदीच्या खोऱ्यात आणि सभोवतालच्या डोंगराळ पट्ट्यात वसलेला कृषिप्रधान प्रदेश होय. कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडच्या काळात सोयाबीन ही येथील प्रमुख पिके आहेत. बंजारा तांडे, आंध आदिवासींची गावे आणि कुणबी, मराठा, दलित, मुस्लिम अशा विविध समाजांची वस्ती यांनी हा परिसर घडला आहे. महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री याच तालुक्यातील गहुली या गावाने दिले. राजकीय व कृषी इतिहासाच्या अंगाने या परिसराचा अभ्यास झालेला आहे. मात्र आरोग्याच्या, विशेषतः दीर्घकालीन व्याधींच्या इतिहासाच्या अंगाने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा, शहरातल्यांचा, थोडक्यात श्रीमंतांचा रोग आहे, अशी समजूत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ आहे. ही समजूत निरुपद्रवी नाही. दिवसभर निंदण करणारी किंवा कापूस वेचणारी स्त्री रोडावत जाते, तिला वारंवार तहान लागते, पायाची जखम भरत नाही. अशा वेळी अशक्तपणा, उन्हाचा त्रास किंवा क्षयरोग अशी कारणे सुचतात. मधुमेह सुचत नाही. कारण ती स्त्री श्रीमंत नाही, स्थूल नाही आणि बसून खाणारी तर मुळीच नाही. रोगाविषयीची चुकीची कल्पना निदानाला किती विलंब लावू शकते, याचे हे उदाहरण होय. म्हणूनच ही कल्पना कोठून आली, कोणत्या पुराव्यावर उभी राहिली आणि आज ती कितपत टिकते, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा न राहता इतिहासाचाही ठरतो.

उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. मधुमेहाच्या आकलनातील प्रमुख टप्प्यांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. ‘श्रीमंतांचा रोग’ या समजुतीची जडणघडण तपासणे.
३. वऱ्हाडातील, विशेषतः पुसद परिसरातील दुष्काळ व अन्नबदल यांच्या संदर्भात मधुमेहाचा विचार करणे.
४. व्यवस्थापन व प्रतिबंध यांसाठी इतिहासातून मिळणारे निष्कर्ष मांडणे.

मधुमेहाचे कारण केवळ संपन्नतेत नसून, पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आणि त्यानंतर वेगाने झालेला अन्नबदल यांच्या संयोगातही आहे, हे या निबंधाचे गृहीतक होय. विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून ते प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

आयुर्वेदातील दोन रुग्ण

भारतीय परंपरेत मधुमेहाचे वर्णन ‘प्रमेह’ या व्याधिसमूहात येते. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कफज १०, पित्तज ६ आणि वातज ४ असून मधुमेह हा वातज प्रकारांत मोडतो व तो असाध्य मानला गेला आहे. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, हे निरीक्षणही या ग्रंथकारांनी नोंदविले. आरामाचे बसणे, अतिनिद्रा, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचे अतिसेवन ही चरकाने दिलेली कारणे पाहिली, तर ‘श्रीमंतांचा रोग’ ही कल्पना येथूनच आली असावी, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु संहितांचे वाचन एवढ्यावर थांबविणे योग्य ठरणार नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद केले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मतः येणारा. दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश, रूक्ष, अल्पाहारी व तृषार्त असतो, तर दुसऱ्या प्रकारचा स्थूल, बहुभोजी व शय्यासनप्रिय असतो. चरकानेही स्थूल व बलवान रुग्ण आणि कृश व दुर्बल रुग्ण यांच्या उपचारांत भेद केला. पहिल्यासाठी शोधन व लंघनाचा मार्ग, तर दुसऱ्यासाठी शरीराचे पोषण करणारा मार्ग सांगितला.

सुश्रुताच्या चिकित्सास्थानात याहून महत्त्वाचा एक भाग आहे. निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्र न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे. कोणी श्यामाक व नीवार यांसारख्या तृणधान्यांवर राहावे, कोणी गाईंच्या मागे फिरावे, कोणी नांगर धरावा किंवा विहीर खणावी, असे तेथे सांगितले आहे. व्यायाम आणि भरड धान्य यांचा हा उपदेश आजच्या सल्ल्याशी मिळताजुळता आहे, हे अनेकदा सांगितले जाते. मात्र त्याला जोडूनच येणारी सूचना सहसा दुर्लक्षित राहते. कृश रुग्णाला असे श्रम देऊ नयेत, त्याचे सतत रक्षण करावे, असे सुश्रुत बजावतो. निर्धन माणसालाही हा रोग होऊ शकतो आणि कृश माणसाचा उपचार वेगळा असतो, या दोन्ही गोष्टी त्या काळी ज्ञात होत्या, असा याचा अर्थ होतो.

प्राचीन वर्गीकरण व आधुनिक वर्गीकरण एकरूप आहेत, असा दावा करणे अर्थातच योग्य नाही. प्रमेहात आजच्या दृष्टीने भिन्न असलेले अनेक मूत्रविकार समाविष्ट होते. तरीही एकाच नावाखाली दोन वेगळे रुग्ण उभे आहेत, हे निरीक्षण मोलाचे होते आणि पुढील शतकांत ते मागे पडले.

मूत्रापासून स्वादुपिंडापर्यंत

पाश्चात्त्य वैद्यकात कॅपाडोशियाच्या अरेटियस याने इ. स. च्या दुसऱ्या शतकात ‘डायबिटीस’ या नावाने रोगाचे वर्णन केले. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याने १६७४ मध्ये मूत्राच्या गोडीची नोंद केली आणि मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये ती गोडी साखरेची असल्याचे व रक्तही गोड असल्याचे दाखविले. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार याने यकृतातील साखरेच्या साठ्याचा शोध लावला. पॉल लांगरहान्स याने १८६९ मध्ये स्वादुपिंडातील पेशीपुंजांचे वर्णन केले. १८८९ मध्ये मेरिंग व मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्यास मधुमेह होतो, हे सिद्ध केले. रोगाचे स्थान मूत्रपिंडातून स्वादुपिंडात आले ते या प्रयोगाने. तथापि स्थान कळले तरी उपचार हाती आला नव्हता.

वसाहतकाळ आणि एका समजुतीची घडण

भारतात मधुमेहाची आधुनिक चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने कलकत्त्यात सुरू झाली. इंग्रज व बंगाली डॉक्टरांनी पाहिलेले रुग्ण हे बहुतांशी वकील, न्यायाधीश, जमीनदार व सरकारी कारकून होते. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एक्झेटर येथील अधिवेशनात उष्ण कटिबंधातील मधुमेहावर स्वतंत्र चर्चा झाली. सुशिक्षित, बैठे काम करणाऱ्या बंगाली वर्गात हा रोग फार आढळतो, हा तिचा सूर होता.

या पुराव्याची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. डॉक्टरकडे जाणे, मूत्रतपासणी करून घेणे आणि आपल्या आजाराची नोंद होणे ही त्या काळी मूठभर वर्गालाच शक्य असलेली गोष्ट होती. जो वर्ग दवाखान्यात पोहोचतच नव्हता, त्याच्यात रोग किती आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. ‘रोग आढळला नाही’ याचे रूपांतर ‘रोग नाही’ या विधानात झाले.

महाराष्ट्रात या समजुतीला दृढ करणारे सर्वांत परिचित उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले, तेव्हा त्यांना मधुमेह होता. तुरुंगात त्यांना आहारावर कडक बंधने पाळावी लागली. त्याच काळात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. इन्सुलिनचा शोध त्यानंतर एका वर्षाने लागला. टिळकांच्या काळी मधुमेही माणसाजवळ आहारसंयमाखेरीज दुसरे साधन नव्हते, हे यावरून ध्यानात येते. बुद्धिजीवी, बैठे काम करणारा, नामवंत पुरुष हेच मधुमेहाचे प्रातिनिधिक चित्र मराठी मनात ठसले, ते अशाच उदाहरणांमुळे.

त्याच काळातील वऱ्हाड

कलकत्त्यातील डॉक्टर मधुमेहाची चर्चा करीत होते, त्याच दशकांत वऱ्हाडचा ग्रामीण समाज वेगळ्याच अनुभवातून जात होता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाडच्या कापसाला प्रचंड मागणी आली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाखालील क्षेत्र वाढले. धान्य व चराई यांच्या जमिनीवर त्याचा ताण पडला, असे प्रतिपादन लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात केले आहे.

पुसद तालुका त्या वेळी वाशीम जिल्ह्यात होता; १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला गेला आणि पुसद यवतमाळ जिल्ह्यास जोडला गेला. त्यापूर्वीच्या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने सोसले. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या प्रांताला कापसाच्या पैशामुळे संपन्न म्हटले जात होते, त्याची लोकसंख्या एका दशकात घटावी, ही बाब पुरेशी बोलकी आहे. बाजारातील संपन्नता व घरातील अन्न यांत अंतर पडले होते.

या घटनांचा मधुमेहाशी काही संबंध असू शकेल, ही कल्पना त्या काळी कोणासही सुचणे शक्य नव्हते. ती सुचण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

इन्सुलिन आणि स्वातंत्र्योत्तर कालखंड

टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड यांच्या प्रयत्नांतून १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती आले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. शुद्धीकरणानंतर त्याच महिन्यात दिलेल्या इंजेक्शनांनी त्याची साखर उतरली. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ याने इन्सुलिनला प्रतिसाद देणारे व न देणारे असे मधुमेहींचे दोन गट दाखवून दिले. आजच्या पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या वर्गीकरणाचे बीज यात आहे. १९५० च्या दशकात टोल्ब्युटामाइड व मेटफॉर्मिन ही तोंडावाटे घ्यावयाची औषधे उपचारात आली.

मुंबई येथे १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या वतीने १९६६ मध्ये डॉ. जे. सी. पटेल व डॉ. एन. जी. तळवलकर यांनी संपादित केलेला उष्ण कटिबंधातील मधुमेहावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय मधुमेही हा युरोपीय मधुमेह्यासारखाच असतो काय, हा प्रश्न त्यामुळे गांभीर्याने पुढे आला. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या बहुकेंद्री पाहणीत शहरी भागात सुमारे २ टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे दीड टक्के प्रमाण आढळले. हे आकडे लहान असले, तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होत होती. ग्रामीण भाग या रोगापासून मुक्त नव्हता.

कृश मधुमेही : एका वर्गाचे येणे, जाणे व परतणे

१९५५ मध्ये ह्यू-जोन्स याने जमैकातील काही रुग्णांचे वर्णन केले. ते तरुण व कृश होते, त्यांना इन्सुलिनची गरज होती. परंतु इन्सुलिन न मिळाल्यास पहिल्या प्रकारच्या रुग्णांत जी घातक आम्लता निर्माण होते, ती त्यांच्यात दिसत नव्हती. कटक येथील त्रिपाठी व कर यांनी १९६५ मध्ये भारतीय रुग्णांच्या अशाच वेगळेपणाकडे लक्ष वेधले. अखेर १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी संबंधित मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मान्य केला. मात्र कुपोषण हेच थेट कारण असल्याचा पुरावा अपुरा आहे, या कारणास्तव १९९९ मध्ये तो वर्ग काढून टाकण्यात आला.

या निर्णयाचा परिणाम केवळ पारिभाषिक नव्हता. वर्ग नाहीसा झाला, तरी रुग्ण नाहीसे झाले नाहीत. त्यांना पहिल्या वा दुसऱ्या प्रकारात बसविले जाऊ लागले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व अमेरिकन संशोधक यांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, या कृश रुग्णांत इन्सुलिनचा स्राव कमी असतो. परंतु दुसऱ्या प्रकाराप्रमाणे इन्सुलिनविषयीचा प्रतिरोध प्रबळ नसतो. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉक येथील परिषदेत या अवस्थेला ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ अशी मान्यता दिली. या वर्गाच्या निकषांविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. तरीही कृश रुग्णाचे सतत रक्षण करावे, असे सांगणाऱ्या सुश्रुताच्या निरीक्षणाला दीर्घ कालावधीनंतर आधुनिक चर्चेत स्थान मिळाले, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

पुण्याजवळील सहा गावे

उपासमार व मधुमेह यांच्या संबंधाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातूनच पुढे आला. १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी असे मांडले की, गर्भावस्थेत पोषण कमी पडल्यास गर्भ मेंदूचे रक्षण करण्यासाठी इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करतो आणि पुढे अन्न मुबलक झाल्यास ही काटकसरच घातक ठरते. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील ६ गावांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला.

या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतीय बालकाचे स्नायू व अवयव लहान होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. बालक दिसावयास कृश, पण अंतर्यामी मेदयुक्त होते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक व डॉ. युडकिन या दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी प्रसिद्ध झाली. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ असा समान होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनाच्या काट्यावर विसंबून भारतीय माणसाचा धोका मोजता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच अभ्यासातील आणखी तीन निष्कर्ष ग्रामीण परिसरासाठी विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध ज्या मातांच्या आहारात अधिक होते, त्यांची बालके अधिक चांगल्या वाढीची होती. दुसरा, गरोदरपणात शेतातील व घरातील कष्ट अधिक असलेल्या मातांची बालके आकाराने लहान होती. तिसरा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनविषयीचा प्रतिरोध अधिक आढळला. कष्ट करणाऱ्याला मधुमेह होत नाही, असे मानणाऱ्या समाजाला, मातेवर लादलेले अतिकष्ट पुढील पिढीत मधुमेहाचे बीज पेरू शकतात, हे सांगणारे हे संशोधन आहे.

पुसद परिसराचा अन्नइतिहास

या पार्श्वभूमीवर पुसद परिसराच्या गेल्या साठ वर्षांकडे पाहावे लागते. ज्वारीची भाकरी, कण्या, तुरीचे वरण, अंबाडीसारख्या पालेभाज्या आणि रानातील फळे-कंद हा येथील जुना आहार. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. वसंतराव नाईक यांच्या १९६३ ते १९७५ या मुख्यमंत्रिपदाच्या काळात संकरित ज्वारीचा प्रसार हे राज्याचे धोरण बनले आणि ‘हायब्रीड’ हा शब्द शेतकऱ्याच्या बोलीत रुळला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची स्थापनाही याच काळातील, १९६९ मधील होय. अन्नस्वावलंबनाचा हा प्रयत्न चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. आयात केलेली लाल मिलो, दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी आणि खडी फोडण्याची कामे ही त्या पिढीची सामायिक स्मृती आहे. या कामांवर गरोदर स्त्रियाही होत्या.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भात असलेल्या व्यक्तींमध्ये प्रौढपणी ग्लुकोज सहन करण्याची क्षमता कमी असल्याचे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. १९७२-७३ मध्ये मातेच्या उदरात असलेल्या महाराष्ट्रीय पिढीने आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यांच्या लहानपणी अन्नाची टंचाई होती. प्रौढपणी मात्र चित्र बदलले. विदर्भात ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि त्याची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. शेतातले धान्य घरात येण्याऐवजी दुकानातले धान्य घरात येऊ लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये लाभार्थ्यास दरमहा ५ किलो धान्य अल्प दरात मिळू लागले व जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. भूक भागविण्याच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व वादातीत आहे. तथापि प्रत्यक्ष वितरणात गहू व तांदूळ यांचेच प्रमाण मोठे राहिले. डाळी, भाज्या व दूध यांची उणीव त्याने भरून निघत नाही. त्यात साखरेचा चहा, बिस्किटे व तळलेले पदार्थ यांची भर पडली. मोटारसायकल, ट्रॅक्टर व तणनाशके यांनी पुरुषांचे श्रम कमी केले. स्त्रियांचे श्रम त्या प्रमाणात कमी झाले नाहीत.

राष्ट्रीय आकडेवारी या बदलाशी सुसंगत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या २०११ मधील अहवालात महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी निष्कर्षांनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून १३.६ कोटी लोक पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. ग्रामीण भागातील प्रमाण ८.९ टक्के आहे. १९७० च्या दशकातील दीड टक्क्याशी याची काटेकोर तुलना करता येत नाही, कारण मोजमापाच्या पद्धती बदलल्या आहेत. परंतु वाढीची दिशा निःसंशय आहे.

व्यवस्थापन : परिसराच्या संदर्भात

मधुमेहाचे निदान उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मि.ग्रॅ. किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० मि.ग्रॅ. किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक या निकषांवर होते. साखर नियंत्रणात ठेवल्यास दृष्टिपटल, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी कमी होते, हे १९९३ व १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या अनुक्रमे अमेरिकन व ब्रिटिश दीर्घकालीन चाचण्यांनी सिद्ध केले आहे. हे निकष व हे उद्दिष्ट सर्वत्र सारखेच असले, तरी उपचाराचा तपशील माणसाच्या दिनक्रमानुसार ठरावा लागतो.

काही गोळ्या घेतल्यानंतर वेळेवर जेवण न झाल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. पहाटे गोळी घेऊन, न जेवता शेतात जाणाऱ्या मजुराला चक्कर व बेशुद्धी येऊ शकते. त्यास उन्हाचा त्रास समजले जाण्याचा संभव असतो. वजन कमी करा, हा सर्वसाधारण सल्ला कृश रुग्णाला दिल्यास अपाय होतो. त्याला प्रथिनयुक्त पुरेसा आहार व आवश्यकतेनुसार अल्प मात्रेत इन्सुलिन यांची गरज असू शकते. बधिर झालेल्या पायाला पऱ्हाटीच्या खुंटाची जखम कळत नाही. म्हणून पादत्राण व रोजची पायतपासणी हा येथे औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात, जेथे शीतकपाट नाही किंवा वीज खंडित होते, तेथे इन्सुलिनची कुपी पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवण्याचा साधा मार्ग उपयुक्त ठरतो. मधुमेहामुळे क्षयरोगाचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणून क्षयरुग्णाची साखर व मधुमेह्याचा खोकला या दोन्हींची तपासणी होणे आवश्यक आहे.

भाकरीविषयीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ज्वारीतील तंतू उपयुक्त असले, तरी तिच्यातही पिष्ट असतेच. ताटात भाकरीचे प्रमाण मर्यादित ठेवून वरण, उसळ व भाजी यांचे प्रमाण वाढविणे हा खरा बदल होय.

प्रतिबंध : एका पिढीचा नव्हे, दोन पिढ्यांचा प्रश्न

पूर्वमधुमेहाच्या अवस्थेतून मधुमेहाकडे होणारा प्रवास थांबविता येतो, हे चीनमधील दाचिंग (१९९७) व अमेरिकेतील (२००२) अभ्यासांनी दाखविले. भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासात आहार व व्यायाम यांतील बदलांमुळे धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. भारतीयांसाठी शरीर-वस्तुमान निर्देशांकाची सावधगिरीची मर्यादा २३ आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी. मानली जाते. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची, मग तो कृश असो वा स्थूल, वर्षातून एकदा तपासणी होणे इष्ट आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात अशा तपासणीची तरतूद आहे.

परंतु इतिहासाचा निष्कर्ष एवढ्यावर समाधान मानू देत नाही. रोगाचे बीज गर्भावस्थेत पडत असेल, तर प्रतिबंधाची सुरुवात चाळिशीतील पुरुषापासून नव्हे, तर पंधरा वर्षांच्या मुलीपासून करावी लागेल. तिचे लग्न लवकर न होणे, तिला दूध, डाळ, पालेभाज्या आणि शक्य तेथे अंडी मिळणे, तिच्यातील रक्तक्षय व ब-१२ ची कमतरता वेळीच दूर होणे, तसेच गरोदरपणी पाणी वाहण्याच्या व शेतकामाच्या कष्टांतून तिला सवलत मिळणे, हे सर्व मधुमेह-प्रतिबंधाचेच उपाय ठरतात. राज्यातील अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा पूर्ण आहार दिला जातो. अशा योजनांचे मूल्यमापन केवळ कुपोषणाच्या निकषावर न करता, पुढील पिढीच्या मधुमेहाच्या निकषावरही होणे योग्य ठरेल.

निष्कर्ष

१. ‘श्रीमंतांचा रोग’ ही समजूत मुख्यतः वसाहतकालीन शहरी दवाखान्यांत पोहोचलेल्या मर्यादित वर्गाच्या निरीक्षणांतून दृढ झाली. कृश व निर्धन रुग्णाची नोंद प्राचीन संहितांत असूनही ती मागे पडली.
२. कृश मधुमेही हा वर्ग १९८५ मध्ये मान्य, १९९९ मध्ये अमान्य आणि २०२५ मध्ये पुन्हा मान्य झाला. रोगांचे वर्गीकरण हे स्थिर सत्य नसून उपलब्ध पुराव्यावर अवलंबून असलेली ऐतिहासिक रचना आहे, हे यातून दिसते.
३. वऱ्हाडातील दुष्काळ, १९७२ ची टंचाई आणि त्यानंतरचा वेगवान अन्नबदल यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय पुसदसारख्या परिसरातील मधुमेहाचे आकलन पूर्ण होणार नाही. हा संबंध येथे संशोधनाची दिशा म्हणून मांडला आहे. त्याची पडताळणी जन्मवर्षनिहाय आरोग्य पाहणीने होऊ शकते.
४. व्यवस्थापन व प्रतिबंध हे शेतमजूर, कृश रुग्ण आणि किशोरवयीन मुली यांना केंद्रस्थानी ठेवून आखले जाणे आवश्यक आहे.

या कार्यात ग्रामीण महाविद्यालयांना महत्त्वाची भूमिका बजावता येईल. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे. त्या काळी काय खाल्ले, किती दिवस उपाशी राहावे लागले, गरोदरपणी कोणती कामे केली, या मौखिक नोंदी इतिहास, गृहअर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी संकलित केल्यास एका मोठ्या प्रश्नाची सामग्री जतन होईल. ती पिढी गेल्यानंतर हे काम कोणत्याही प्रयोगशाळेला करता येणार नाही. उपासमारीचा वारसा रक्तात कसा उतरतो, हे वैद्यकशास्त्र सांगू लागले आहे. ती उपासमार कोणाची होती, केव्हाची होती आणि का होती, हे सांगण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकांवर आहे.